शोध लागतो त्या रात्री, ग्रह हाती येतो नंतर

लघुग्रहांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडचे बहुतेक लेखक 1801 च्या सेरेसपासून निघतात, हायडेलबर्गला मॅक्स वोल्फपाशी थोडे रेंगाळतात आणि एकदम आजच्या स्वयंचलित दुर्बिणींवर येतात. बेलग्रेडचे नाव कुणी काढत नाही. मी ते गेली अनेक वर्षे काढत आलो आहे आणि यंदाच्या आढाव्यातही तिथल्या वेधशाळेचे मिलोराद प्रोतिच (1911–2001) यांनाच अधिक जागा देणार आहे.

बेलग्रेडच्या वेधशाळेची पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. मिलान नेदेल्कोविच यांनी ती 1887 मध्ये स्थापन केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून युद्धभरपाईपोटी झाइसची उपकरणे आली. नीसच्या वेधशाळेत काम करून परतलेल्या व्होयिस्लाव मिश्कोविच यांनी 1932 पर्यंत शहराच्या कडेच्या टेकडीवर नवी वास्तू उभी केली. पुढे टेकडीलाच झ्वेझ्दारा म्हणू लागले. तिथे पेतार जुर्कोविच यांना दोन लघुग्रह सापडले, प्रोतिच यांना सात: 1936 मध्ये स्रबिया, 1937 मध्ये तितो, 1938 मध्ये बेओग्राद आणि सिमोनिदा, 1939 मध्ये मिश्कोविच, 1940 मध्ये युगोस्लाविया आणि 1952 मध्ये टेस्ला.

‘अवघे सातच?’ असे आमच्यातले एक-दोन जाणकार हमखास विचारतात आणि समकालीन लघुग्रहशोधक राइनमुथ यांचे जवळजवळ चारशे लघुग्रह तोंडावर फेकतात. मोजदाद करणाऱ्यांना एवढेच सांगतो, की छायाचित्राच्या काचेवर रेघ दिसली म्हणजे लघुग्रह सापडला असे होत नाही.

ते काम कसे चाले ते पाहा. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत राहते, त्यामुळे काच बराच वेळ प्रकाशाला उघडी ठेवल्यावर तिच्यावर तारे ठिपक्यांसारखे उमटतात आणि लघुग्रह स्वतःच्या चालीने सरकल्यामुळे त्याची बारीकशी रेघ उमटते. ही रेघ सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आजूबाजूच्या ज्ञात ताऱ्यांपासून तिची अंतरे मोजायची, त्यावरून तिचे आकाशातले स्थान काढायचे. असे किमान तीन वेध जमले, की लॉगची कोष्टके उघडून प्राथमिक कक्षा मांडायची. ती अर्थातच कच्ची. पुढच्या वेळी तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईल तेव्हा कुठे दिसेल याचे भाकीत करून त्याला पुन्हा गाठायचे. मधले ढग, चांदण्या रात्री आणि युद्ध या सगळ्यांतून वाट काढायची. अशा अनेक फेऱ्यांनंतर कक्षा पक्की ठरली, तरच कायमचा क्रमांक मिळतो आणि क्रमांक मिळाल्यावर नाव.

माझा मुद्दा प्रोतिच यांच्या क्रमांकांतच लिहिलेला आहे. बेओग्राद आणि सिमोनिदा हे दोघे एकाच रात्रीचे, 20 मार्च 1938 चे; पण एकाचा क्रमांक 1517, तर दुसऱ्याचा 1675. त्याहून बोलके उदाहरण मिश्कोविचचे. तो 1939 मध्ये दिसला, टेस्ला 1952 मध्ये. तरी टेस्लाचा क्रमांक 2244 आणि मिश्कोविचचा 2348! मिश्कोविच यांच्या नावाचा लघुग्रह पदरात पडायला चार दशकांची चिकाटी लागली. ही चिकाटी शोधाच्या तारखेत दिसत नाही आणि म्हणूनच तारखा पाठ करणाऱ्यांना तिची किंमत कळत नाही.

प्रोतिच तीन वेळा वेधशाळेचे संचालक झाले. त्या कारभाराचा तपशील मी इथे देत नाही. सिमोनिदा या मध्ययुगीन सर्बियाच्या राणीपासून टेस्लापर्यंत आपल्या देशाची ओळख त्यांनी आकाशात कोरली, हे मात्र नोंदवायलाच हवे. बेल्जियममध्ये देलपोर्ट यांनी शोधलेल्या 1724 व्लादिमिरला तर प्रोतिच यांच्या नातवाचे नाव आहे.

पुढे शहराचे दिवे झ्वेझ्दाराला भिडले. सर्बियाचे नवे वेध आता दक्षिणेला प्रोकुप्ल्येजवळच्या विदोयेवित्सा डोंगरावरून घेतले जातात. तिथल्या 1.4 मीटरच्या दुर्बिणीला मिलांकोविच यांचे नाव आहे.

आपल्याकडे काय चालले आहे? पूर्वी आमच्या अभ्यासवर्गात मुले कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या लघुग्रहाची कक्षा काढत. दोन-दोन रविवार त्यात जात, पण केप्लर अंगात मुरे. आता संगणकाच्या पडद्यावर सरकणारा ठिपका टिपला, की शाळेत प्रमाणपत्र मिळते आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या ठिपक्याचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. ज्या मराठी समाजातल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ रचला, तिथे गणिताची ही टाळाटाळ मला सहन होत नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि खगोलमंडळांना माझी विनंती आहे. प्रमाणपत्रे खुशाल वाटा, पण त्याआधी मुलांच्या हाती तीन वेध द्या आणि कक्षा त्यांची त्यांना काढू द्या.