चित्रपटगीतांच्या क्षेत्रातील नवागत

ज्याचा चित्रसृष्टीत कोणी आप्त वा परिचित नाही, अशा कवीला तेथे प्रवेश मिळतो तो बहुधा काव्यगुणापेक्षा चालीवर शब्द बसविण्याच्या कसबामुळे. कारण संगीतकार पुष्कळदा चाल आधी बांधतो, निरर्थक अक्षरे गुणगुणून तिचे वजन सांगतो, आणि स्वर जेथे लांबतो तेथेच दीर्घ अक्षर येईल अशा बेताने, प्रसंगाला शोभणारा मुखडा गीतकाराने द्यावयाचा असतो. याला अपवादही आहेत: माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरी करणाऱ्या कवी शैलेंद्रांचे काव्यवाचन ऐकून राज कपूर यांनी त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला होता. पुढे संसाराची निकड भासली तेव्हा ते आपण होऊन गेले, आणि ‘बरसात’साठी (१९४९) त्यांनी दोन गीते लिहिली.

करारनाम्यावर दस्तखत करताना मात्र नवागताने घाई करू नये, असे मी कळकळीने सांगेन. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ सालच्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गीताच्या अन्य वापरावरील स्वामित्वधनातला आपला समान वाटा गीतकाराला वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, आणि तसा मजकूर कागदात घातला तरी तो रद्दबातल ठरतो. हा वाटा वसूल करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत आपले नाव वेळीच दाखल करावे.