नाव नको, माप सांगा

स्पेअर पार्टच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कोणती?" टाटा ४०७ म्हणा, बोलेरो म्हणा, मागच्या फळीवरून डबा खाली येतो. 'शक्तिमान' या जुन्या लष्करी ट्रकचं नाव घेतलंत तर काउंटरवरच्या पोराला टीव्हीवरचा हीरो आठवतो. औंढा नागनाथ, वसमत, हिंगोली, अगदी नांदेडपर्यंत गेलात तरी उत्तर एकच मिळतं : "तो माल आता येत नाही, मालक."

खरं म्हणजे त्यातला बराचसा माल येतो. रोज येतो, त्याच दुकानाच्या त्याच फळीवर पडलेला असतो. फक्त तो गाडीच्या नावाने मागून मिळत नाही. लष्करातून निघालेला जुना डिझेल ट्रक ज्यांनी आजवर चालता ठेवला, त्यांच्या खिशात व्हर्निअर असतो आणि डोक्यात आकडे.

लष्कराच्या जुन्या गाड्या मुलकी हाती येण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा देशभर अमेरिकन आणि कॅनडियन बनावटीचे फोर्ड, शेव्हरोले, डॉज ट्रक उरले होते. ते लिलावात निघाले आणि 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द मराठीत कायमचा आला. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, तेव्हाही सैन्याकडे युद्धातल्या उरलेल्या गाड्यांचाच भरणा होता. हे सगळे ट्रक पेट्रोलचे. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा गॅरेजवाल्यांनी अशा गाड्यांची मूळ इंजिनं उतरवून त्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली. देशी जुगाडाची ही शाळा तेव्हाच सुरू झाली म्हणायची.

शक्तिमान मात्र जन्मापासून डिझेलचा. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला ट्रक बाहेर पडला. पुढे त्यासाठी जबलपूरलाच वेगळा वाहन कारखाना उभा राहिला. १९६५ आणि १९७१च्या लढायांत हाच ट्रक सैन्याचा हमाल होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो बनत राहिला, मग अशोक लेलँडच्या स्टॅलियनने त्याची जागा घेतली. त्याच जबलपूरची निसान वन-टन आणि जोंगा ही भावंडं पेट्रोलची; त्यांचं दुखणं वेगळं, ते इथे नको.

असा ट्रक खेड्यात कुणाला लागतो? रस्त्यावर उलटलेली गाडी ओढणाऱ्या क्रेनवाल्याला, रानातून लाकूड काढणाऱ्याला, बोअरच्या मशीनबरोबर पाइप वाहणाऱ्याला. आमच्या काळ्या मातीत श्रावणात गाडी घालून बघा म्हणजे कळेल. ही माती ओली झाली की मागच्या जोडटायरांच्या मधे गच्च बसते आणि दोन टायरांचा एकच गुळगुळीत रूळ होतो. अनेक लष्करी ट्रकांना मागे एकेकच टायर असतो आणि तो पुढच्याने पाडलेल्या चाकोरीतून चालतो. त्याला चारही चाकांची ओढ मिळाली की गाडी निघते.

ही चार चाकांची ओढच पुष्कळांच्या ट्रकांना मारते, हे सांगायला हवं. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मधे फरक सामावून घेणारा गिअर नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात टायर घसरतो आणि हिशोब जुळतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग तो ताण ट्रान्स्फर केसच्या दातांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर जातो. हिंगोली रोडला लागण्याआधी पुढचा दांडा सोडला नाही, तर जो गिअर तुटेल तो मात्र कुठल्याच फळीवर मिळणार नाही. मापाने मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या मालाची सीमा नेमकी इथे आहे. जे भाग सगळ्या जगाने एका प्रमाणात बांधले, ते मिळतात. जे त्या एका कारखान्याने त्या एका गाडीसाठी कातले, ते नाहीत.

बेअरिंग घ्या. चाकातून किंवा गिअरबॉक्समधून काढलेल्या बेअरिंगची कड डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने पुसली, की बहुतेक वेळा एक आकडा दिसतो. समजा ६३०८. यातले शेवटचे दोन आकडे घ्या, पाचने गुणा : ४०. आतलं भोक ४० मिलिमीटरचं. बाहेरचा व्यास ९०, जाडी २३, आणि हे जर्मनीत, जपानमध्ये, जबलपूरला सगळीकडे सारखंच. वसमतच्या बाजारात मोटारपंपाची बेअरिंगं विकणारा दुकानदारही ६३०८ ओळखतो. त्याला 'शक्तिमानची बेअरिंग' माहीत असायचं कारण नाही. ऑइल सीलचंही तेच : शाफ्टचा व्यास, बसायच्या खड्ड्याचा व्यास, रुंदी, हे तीन आकडे सांगा आणि सील घरी न्या. क्रॉस असेल तर टोपीचा व्यास आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी. क्लच प्लेट असेल तर बाहेरचा व्यास आणि मधल्या दातांची संख्या. दात मोजताना एका दाताला खडूने खूण करून मोजावेत. गोलावर मोजायला घेतलं की माणूस हमखास एक जास्त किंवा एक कमी मोजतो.

मापाचा विषय निघालाच आहे, तर औंढ्याला हल्ली मापाच्या बाबतीत जगात नाव मिळायची वेळ आली आहे. जवळच्या दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी फरक पडला, तरी तो तिथे टिपायचा आहे. आजवर नागनाथाच्या दर्शनाला येणारी माणसं या गावाला ओळखत. आता भौतिकशास्त्रज्ञही ओळखतील. आमच्या मिस्त्री लोकांना तेवढी बारकाई लागत नाही. पण डिझेल पंपापाशी आले की त्यांचाही हिशोब मायक्रॉनवर जातो.

पंपाच्या आत एक पोलादी दांडी एका नळीत खालीवर होते. दोघांच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. त्या फटीला रबर नाही, सील नाही. दोन पृष्ठभाग इतके जवळ घासलेले असतात की डिझेलच तिथे अडतं. या फटीतून पाण्याचा थेंब किंवा टाकीतला गंज गेला की पंपाचं आयुष्य संपलं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या लष्करी गाडीची टाकी आतून तांबडी झालेली असते. म्हणून जो नवा मालक लिलावातून गाडी आणतो, दोन बॅटऱ्या जोडतो आणि स्टार्टर मारतो, तो त्याच मिनिटाला काही हजारांचा फटका खातो. आधी टाकी उतरवायची, धुवायची, दोन्ही फिल्टर बदलायचे, मग एअर काढायची. तिचाही क्रम आहे : आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की तो बंद करायचा. मग पंपाचा. शेवटी इंजिन फिरवत एकेका नोझलचं नट. हा क्रम उलटा केला तर दुपार जाते आणि बॅटरीही बसते.

पंप नि नोझल यांच्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. मायको (आता बॉश) कंपनीचा नाशिकचा कारखाना नोझल-इंजेक्टरांसाठीच ओळखला जातो, आणि त्यामुळे जिल्ह्याच्या गावांतही पंप बांधणारे, टेस्ट बेंचवर नोझलचा दाब लावणारे कारागीर तयार झाले. जुन्या इनलाइन पंपाचे बरेच सुटे भाग इतर ट्रकांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पंपांशी जुळतात. पंपवाल्याकडे जाताना पंपावरची पितळी पाटी पुसून तिचा फोटो घ्यावा, एवढंच. तिच्यावरचा आकडा म्हणजे पंपाची जन्मपत्रिका.

बॅटऱ्यांचं एक राहिलं. बहुतेक लष्करी ट्रक २४ व्होल्टचे, म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. घाईत कुणी एकाच बॅटरीवरून रेडिओ किंवा हॉर्नची तार ओढतो. मग ती एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्तीचा चार्ज पचवून उकळते आणि वर्षात दोन्ही जातात.

आट्यांवरून होणारं नुकसान त्याहून वाईट. शक्तिमान मिलिमीटरचा, महायुद्धातल्या गाड्या इंचाच्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात सरकतो, एक-दोन आट्या धरल्यासारखा वाटतो आणि पाना ओढला की भोकातल्या आट्या खाऊन टाकतो. शिवाय अर्ध्या इंचातही ब्रिटिश व्हिटवर्थ असेल तर इंचाला १२ आट्या, अमेरिकन जाड १३, अमेरिकन बारीक २०. जुन्या गाडीत मागच्या तीन मालकांनी तीन देशांचे बोल्ट ठोकलेले असू शकतात. एक साधी पिच गेज इथे इंजिन वाचवते.

इंजिन उघडलं की नियम एकच : आधी शेल, मग ग्राइंडिंग. क्रँक झिजली की लेथवाला म्हणतो, "द्या, पाव मिलिमीटर उतरवून देतो." क्रँक पाव, अर्धा, पाऊण अशा टप्प्यांनीच उतरवतात आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी बेअरिंग शेल लागते. जुन्या मान इंजिनाची कुठल्या टप्प्याची शेल हाती लागेल, हे नशीब. क्रँक उतरवून आलात आणि त्या मापाची शेल मिळाली नाही, तर चांगल्या क्रँकचं भंगार झालं. उलट चालावं : शेल हातात घ्यावी, क्रँक त्या शेलसाठी उतरवावी. हेड गॅस्केट गावात कापून घेऊ नये. टाइमिंग कव्हरचं चालेल. ब्रेकच्या सिलिंडरात इंजिन ऑइल घालणारा अजून भेटतो. त्याने रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतो.

मापाने न मिळणाऱ्या मालासाठी वणवण आहेच. मुंबईत कुर्ला, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार. पण लष्करी मालाची खरी पंढरी बंगालमधलं पानागड. तिथे लष्कराचा वाहन डेपो आहे आणि महामार्गाच्या कडेने डेपोतून निघालेल्या गाड्या, धुऱ्या, गिअरबॉक्स यांचे ढीग लागलेले असतात. सुट्या गिअरसाठी मिस्त्री सगळा गिअरबॉक्स उचलतो, कारण दातांची जोडी एकत्र झिजलेली असते. नवा दात जुन्या दाताला खातो. ज्याला ट्रक दहा वर्षं चालवायचा आहे, त्याने एक बंद पडलेली जोडगाडी विकत घेऊन वाड्याच्या कोपऱ्यात ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बायकोची बोलणी खावी लागतील, पण टपालखर्च वाचेल.

माहितीचा साठा मात्र पानागडला नाही, गावोगावी आहे. लष्करात ड्रायव्हरने रोज गाडीचा एक ठरलेला भाग तपासायची शिस्त असते. ती शिस्त अंगात मुरलेले निवृत्त ड्रायव्हर मराठवाड्याच्या गावांत भेटतात. अशा एखाद्या फौजीला घरी चहाला बोलवावं. "काका, याचा हा आवाज कुठून येतो?" एवढं विचारायचा अवकाश, तिथल्या तिथे निदान होतं.

या सगळ्याच्या आधी करायचं काम शेवटी लिहितोय, कारण ते सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं : कागद. लष्करी गाडीच्या पाटीवर वर रोखलेला बाण असतो, त्यापुढे दोन आकडी वर्ष, मग अक्षर आणि क्रमांक. गाडी किती साली घेतली, ते पाटीच सांगते. पण या पाटीवर ती मुलकी रस्त्यावर चालत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत माजी लष्करी वाहनाच्या नोंदणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचा नमुना २१मधला मूळ विक्री दाखला मागितला आहे. तो नसेल तर हिंगोलीची एमएच ३८ची पाटी विसरा. लिलावात भंगार म्हणून गेलेला लॉट आणि वापरायची गाडी यांतला फरक त्या एका कागदाचा. तिसऱ्या-चौथ्या हाताने घेणाऱ्याने आधी दाखला बघावा, मग इंजिन. दाखल्यावरचा चासी क्रमांक गाडीवर जुळवून पाहावा. त्यासाठी चासीवर कागद धरून पेन्सिल घासतात, की अक्षरं उमटतात. क्रमांकावर गंज चढला असेल तर रॉकेल आणि पितळी ब्रशने हळू पुसावा. ग्राइंडर लावू नये. घासलेला क्रमांक पाहिला की निरीक्षक पुढचं काही बघत नाही.