तीन गोल केले, तरी हरला!



आमच्या शाळेच्या मैदानावर चौथी 'अ' आणि चौथी 'ब' यांचा फुटबॉलचा सामना झाला. 'ब' च्या एका पठ्ठ्यानं एकट्यानं तीन गोल मारले. पण त्याचा संघ ४-३ असा हरला. शाळा सुटल्यावर तो हिरमुसलेल्या तोंडानं माझ्यापाशी आला. म्हणाला, ''बाई, आम्ही तर हरलो. मग माझे तीन गोल मोजायचे की नाही?''

प्रश्न साधाच. पण मला पटकन उत्तर देता येईना. ''उद्या सांगते,'' असं म्हणून मी घरी आले आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांच्या नोंदी काढून बसले. आणि काय सांगू, अगदी त्याच्यासारखाच एक खेळाडू मला तिथे भेटला!

१८ डिसेंबर २०२२. कतारमधलं लुसेल स्टेडियम. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. ८० व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० नं पुढे होता. सामना संपल्यातच जमा! इतक्यात फ्रान्सला पेनल्टी मिळाली. किलियन एम्बापेनं गोल केला. लोक टाळ्या वाजवून थांबतात न थांबतात, तोच त्याचा दुसरा गोल! दोन गोलांत अंतर किती? फक्त ९७ सेकंद. जादा वेळेत मेस्सीनं अर्जेंटिनाला पुन्हा पुढे नेलं, तर ११८ व्या मिनिटाला एम्बापेनं पेनल्टीवर तिसरा गोल मारला. झाली हॅट्ट्रिक! ३-३.

मग निकालासाठी पेनल्टी शूटआऊट घ्यावं लागलं. त्यातही एम्बापेनं चेंडू जाळ्यात धाडला. पण गंमत पाहा, तो गोल त्याच्या नावावर चढत नाही. शूटआऊट हे फक्त विजेता ठरवण्यासाठी असतं. म्हणून नोंदवहीत त्याचे गोल तीनच. शूटआऊटमध्ये अर्जेंटिना ४-२ नं जिंकला आणि हॅट्ट्रिकवीर हरला! स्पर्धेत सर्वांत जास्त, म्हणजे ८ गोल केल्याबद्दल त्याला सोनेरी बूट मिळाला. पण चषक होता मेस्सीच्या हातात.

एम्बापेच्या आधी पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक करणारा एकच खेळाडू होता, इंग्लंडचा जेफ हर्स्ट. साल १९६६, मैदान लंडनचं वेम्बली. म्हणजे मध्ये तब्बल ५६ वर्षं गेली! तेव्हा जर्मनीचे दोन भाग होते, आणि त्यांतल्या पश्चिम जर्मनीशी इंग्लंडची गाठ होती. हर्स्ट मात्र जिंकला, ४-२ असा.

पण त्याच्याही हॅट्ट्रिकमध्ये एक गोम आहे बरं का! जादा वेळेत, १०१ व्या मिनिटाला त्यानं मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीला खालून लागला, जमिनीवर आदळला आणि बाहेर आला. तो रेषेच्या आत पडला की रेषेवरच? पंच होते स्वित्झर्लंडचे गॉटफ्रीड डिन्स्ट. ते धावत लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. बहरामोव्ह यांनी गोल झाल्याचं सांगितलं. संपलं! पंचांचा निर्णय म्हणजे निर्णय. जर्मन खेळाडूंनी खूप विरोध केला. त्या गोलावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. पण नोंदवहीत 'कदाचित गोल' असा रकाना नसतो. तिथे लिहिलंय, हर्स्ट ३ गोल.

हरलेल्यांचे विक्रम शोधायला गेलं की आणखी सापडतात. १९७४ चा अंतिम सामना म्युनिकला झाला. सुरुवातीला चेंडू नेदरलँड्सकडे होता. पश्चिम जर्मनीचा पाय चेंडूला लागण्याआधीच नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली आणि दुसऱ्याच मिनिटाला योहान नीस्केन्सनं गोल केला. अंतिम सामन्यात इतका लवकर गोल तोवर कुणी केला नव्हता. पण शेवटी? पश्चिम जर्मनी २-१ नं विजयी!

१९५८ साली स्वीडनमध्ये तर एकाच सामन्यात दोन टोकं दिसली. ब्राझीलच्या पेलेचं वय होतं १७ वर्षं २४९ दिवस, म्हणजे तुमच्या मोठ्या दादाएवढा! त्यानं दोन गोल केले. समोर स्वीडनचा कप्तान निल्स लिडहोम ३५ वर्षांचा. पहिला गोल त्याचाच होता. अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा खेळाडू, दोघं एकाच मैदानात! पुढे २०२२ मध्ये गोल करताना मेस्सीही पस्तिशीचाच होता, पण लिडहोमपेक्षा थोडा लहान. पेले ५-२ नं जिंकला, लिडहोम हरला. नाव मात्र दोघांचंही राहिलं.

आणि मुलींनो, तुम्ही का मागे राहाल? २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या कार्ली लॉइडनं जपानविरुद्ध पहिल्या १६ मिनिटांतच तीन गोल केले! तिसरा तर थेट मध्यरेषेजवळून. गोलरक्षक पुढे आलीय हे तिनं बरोबर हेरलं होतं. अमेरिका ५-२ नं जिंकली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या खेळाडूला वहीत दोन रकाने आखून दिले. एकात लिहिलं 'मी काय केलं', दुसऱ्यात 'संघाचं काय झालं'. म्हटलं, ''दोन्ही खरं लिहायचं. हरलास म्हणून तीन गोल पुसायचे नाहीत, आणि तीन गोल केलेस म्हणून हार लपवायची नाही.''

त्यानं लिहिलं, ३ गोल. पुढे लिहिलं, हरलो. मग पेन्सिल तोंडात धरून जरा वेळ विचार केला आणि विचारलं, ''बाई, दोन गोलांना पास माझ्या मित्रानं दिला होता. ते कुठे लिहू?''

खरंच की! हर्स्टचा पहिला आणि शेवटचा गोल कप्तान बॉबी मूरच्या पासवर झाला होता. एम्बापेच्या दुसऱ्या गोलाला मार्कस थुरामनं चेंडू दिला होता. ही नावं किती जणांच्या लक्षात राहतात?

आम्ही वहीत तिसरा रकाना आखला.

तुमच्या पुढच्या सामन्याला वही आणि पेन्सिल घेऊन बसा. तीन रकाने आखा आणि तिन्ही भरा. भराल ना?