पेशी फुगली, हाक बदलली

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत झाडांवर राहणारे दोन करडे बेडूक आहेत. चार-पाच सेंटिमीटरचे, सालीच्या रंगाचे, प्रसंगी हिरवे होणारे. शेजारी ठेवले तर जाणकारालाही सांगता येत नाही कोण कुठला. बऱ्याच ठिकाणी ते एकाच डबक्याकाठी ओरडत बसतात. फरक आत आहे. ‘हायला क्रायसोसेलिस’च्या पेशीत २४ गुणसूत्रं, ‘हायला व्हर्सिकलर’च्या पेशीत ४८.

नराची हाक लांबून एकसंध किर्रर्र वाटते. खरं तर ती ठोक्यांची माळ असते. दर ठोक्याला कुशीचे स्नायू एकदा आवळतात आणि फुप्फुसातली हवा कंठातून गळ्याच्या पिशवीत ढकलतात. सारख्या तापमानाला व्हर्सिकलरचे ठोके साधारण निम्म्या वेगानं पडतात. मादी नवरा पारखते ती प्रामुख्यानं या वेगावर.

पण बेडूक थंड रक्ताचा. रात्र गारठली की हाकही मंदावते आणि गारठलेला क्रायसोसेलिस उबेतल्या व्हर्सिकलरसारखा वाजू लागतो. मादी फसायला हवी. जीवशास्त्रज्ञ कार्ल गेरहार्ट यांनी १९७८ मध्ये व्हर्सिकलरच्या माद्यांना कृत्रिम हाका ऐकवल्या, तेव्हा दिसलं की मादीची आवडही पाऱ्याबरोबर सरकते. तिचं अंग जितकं गार, तितकी संथ हाक तिला आपल्यातली वाटते.

खरा पेच वेगळाच. व्हर्सिकलर घडला तो गुणसूत्रांचे दोन संच दुप्पट होऊन. असे पहिले बेडूक मूठभर, भोवती सगळी जुनी जात. तिच्याशी जोडी जमली तर पिल्लात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे वंश बहुधा तिथंच खुंटला. मग नवी जात टिकली कशी? टकर आणि गेरहार्ट यांनी २०१२ मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि मला ते फार देखणं वाटतं. प्रयोगशाळेत क्रायसोसेलिसचेच तीन संचांचे बेडूक तयार केले होते. संच वाढले की पेशी मोठी होते. या नरांचे ठोके संथ निघाले आणि माद्यांची आवडही त्याच दिशेला सरकलेली आढळली. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड नाही, मध्ये डोंगर-नदीची आडकाठी नाही. गळा आणि कान एका झटक्यात, एकाच बाजूला बदलले.

आजही त्या डबक्याकाठी कोण ओरडतंय हे ओळखायचं, तर कानाबरोबर तापमापकही न्यावा लागतो.