गणितात पीएचडी करायचीय? अर्जाआधी हा एपिसोड ऐका

मागे घरघर ऐकू येतेय ना, ती दिघीला जाणारी फेरीबोट. मी आगरदांड्याला घरी आलेय आणि घरात रेंजची बोंब, म्हणून धक्क्यावर बसून रेकॉर्ड करतेय. सांभाळून घ्या.

"एमएस्सी मॅथ्स चालू आहे, पीएचडीला अर्ज कसा करू?" असे बरेच मेसेज आलेत. आधी पैशांचं सांगते, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. माझी आई म्हणाली होती, "अजून शिकायचंच? मग कमवायचं कधी?" पीएचडी करताना पैसे मिळतात हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगू, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही नव्हतं! सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. घरभाडं वेगळं. जानेवारी २०२३ पासूनचे हे आकडे.

नेट वर्षातून दोनदा असते. तिच्या पार्ट सी मध्ये एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर ओळखलेत तरच मार्क, अर्धे मार्क नाहीत, पण निगेटिव्हही नाही. दुसरी एनबीएचएमची परीक्षा, अणुऊर्जा विभागाची, खास गणितवाल्यांसाठी. कुलाब्याच्या टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, आणि तिथे बीएस्सीनंतरही इंटिग्रेटेड पीएचडीला अर्ज करता येतो. आयआयटीवाले गेट किंवा नेट बघून बोलावतात. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका.

पण परीक्षा पास झालात म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. पुढे इंटरव्ह्यू असतो, आणि मी आपटले ती तिथेच.

पहाटेची एसटी पकडून एका संस्थेत गेले. आवडता विषय विचारला. मी म्हटलं, रिअल अ‍ॅनालिसिस. सर म्हणाले, "बंद अंतरालावरचं सतत फलन बाउंडेड असतं, सिद्ध कर." पाठच होतं, धडाधड लिहिलं. मग म्हणाले, "आता अंतराल उघडं घे, शून्य ते एक." मी लगेच एक भागिले एक्स हे उदाहरण दिलं. खूश! आणि मग, "बरोबर. पण तुझी ही सिद्धता नेमकी कुठल्या ओळीत तुटते?"

गप्प. पूर्ण फळा माझ्याच अक्षरात भरलेला आणि मला ओळ सापडेना.

उत्तर सोपं आहे हो. सिद्धतेत आपण एक क्रमिका घेतो, तिची अभिसारी उपक्रमिका निवडतो आणि म्हणतो की तिची सीमा अंतरालातच आहे. उघड्या अंतरालात ही शेवटची गोष्ट चालत नाही. एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असं जात राहा. सीमा शून्य, आणि शून्य अंतरालाच्या बाहेर. झालं! हे मला परतीच्या एसटीत रेवदंड्याच्या आसपास सुचलं.

त्या वर्षी प्रवेश नाही मिळाला. मग मी वाचायची पद्धतच बदलली. प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून टाकायची आणि सिद्धता कुठे कोसळते ते वहीत लिहायचं. वर्षभरात जेमतेम चाळीस प्रमेयं झाली, पण पुढच्या इंटरव्ह्यूत "माहीत नाही, पण असं करून बघते" म्हणायची भीती गेली. तिथे घेतलं मला.

शिफारसपत्राचं राहिलंच. ते विभागप्रमुखांकडूनच हवं असं काही नाही. ज्यांच्यासमोर तुम्ही फळ्यावर चुकला आहात आणि चूक सुधारली आहे, त्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या, आणि महिनाभर आधी सांगा.

वर्ष गेलं म्हणून रडणाऱ्यांना एक नाव सांगते. मंगला नारळीकर १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून सुवर्णपदकासह एमए झाल्या, आणि त्यांची पीएचडी झाली १९८१ मध्ये, मधे संसार आणि मुली सांभाळून. माझं तर एकच वर्ष गेलं होतं.

चला, फेरी लागली, गाड्या चढतायत, आता काही ऐकू येणार नाही. तुमची अडलेली सिद्धता पाठवा, पुढच्या वेळी फळा घेऊन बसू.