तो ‘ढ’ नाही हो!

मुलगा चौथीत. धडा वाच म्हटलं की पहिल्या दोन ओळी घडाघडा म्हणतो, कारण त्या पाठ असतात. तिसऱ्या ओळीला गाडी अडते. ‘आमचा जरा ढच आहे,’ असं आईच पाहुण्यांसमोर म्हणून टाकते. आणि ते पोर ऐकत असतं, बरं का!

खरं तर घोळ वेगळाच असतो. वर्ग चालतो पुस्तकाप्रमाणे. बाईंना पोर्शन संपवायचा असतो. पहिलीत ज्याची अक्षरओळख कच्ची राहिली, त्याच्यासाठी चौथीत कोण थांबणार? शिकवणी परवडणाऱ्या घरातलं मूल कसंबसं सावरून घेतं, बाकीची मागेच पडत जातात.

मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने यावर साधाच उपाय केला. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी ‘बालसखी’ म्हणून नेमायची. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना 500 ते 750 रुपये. (मानधन तुटपुंजंच, यात वाद नाही!) तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन ती रोज दोन तास वेगळी बसायची आणि मुळापासून सुरुवात करायची. अक्षरं, शब्द, साधी बेरीज-वजाबाकी.

2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. हो, 2019 च्या नोबेलच्या मानकऱ्यांतले तेच दोघं! बालसखीकडची मुलं खरोखर पुढे सरकली. गंमत म्हणजे ती बाहेर गेल्यामुळे वर्गातली गर्दी कमी झाली, तरी मागे उरलेल्या मुलांत काही फरक दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही. मुलाला जिथवर येतं, तिथून पुढे शिकवावं लागतं. पण बालसखी सुटल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

आणि आजही चित्र फारसं सुखाचं नाही. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळांत तिसरीच्या जेमतेम 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला.

घरी बघायचंय? चालू पुस्तक नको, ते पाठ असतं. दुसरीच्या मुलाला झेपेल अशी, आधी न वाचलेली छोटी गोष्ट द्या. अडला तर साधी चार वाक्यं, तीही नाही जमली तर सुटे शब्द, मग अक्षरं. जिथे जमेल तिथून रोज थोडा वेळ बसा. ओरडायचं मात्र नाही हं. आणि पुढच्या पालकसभेत ‘मार्क किती?’ याऐवजी बाईंना ‘तो वाचतो कुठवर?’ एवढं विचारून बघा.