पेशीचं दार किलकिलं करताना

परंडा तालुका आणि शेजारचा भूम, हा सगळा पट्टा खव्यासाठी ओळखला जातो. दूध आटत जातं तशी त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दाट होत जाते. ही साखर पाण्यात फारशी विरघळत नाही. म्हणून खवा गार होऊन काही दिवस राहिला की तिचे स्फटिक दाताखाली कचकचतात. लॅक्टोज आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये तोडली तर ही कचकच टळते. ती तोडणारं विकर म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज. क्लुइव्हरोमायसिस जातीच्या यीस्टमध्ये ते भरपूर असतं, पण पेशीच्या आत.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये बांधून ठेवलेल्या जिवंत यीस्टने दूध लॅक्टोजमुक्त करण्याचं काम प्रसिद्ध केलं. जिवंत पेशी मात्र सुटलेली ग्लुकोजही खाऊन टाकते आणि तिचा मद्यार्क करते. गोडवा टिकवायचा तर पेशीपटलाला बारीक भोकं पाडणं हा वेगळा मार्ग आहे.

त्याची रीत समजायला प्रयोगशाळेतलं ई. कोलाय सोयीचं. तिथे विकर मोजायला लॅक्टोजऐवजी ओएनपीजी हा रंगहीन पदार्थ देतात. विकराने तो तोडला की पिवळा रंग उमटतो. पण अखंड पेशीत ओएनपीजी आत नेण्याचं काम पटलातलं वाहक प्रथिन करतं, आणि तेच संथ असेल तर रंगाचा वेग वाहकाचा असतो, विकराचा नाही. वाहक बिघडलेल्या पेशींत विकर भरलेलं असूनही रंग जेमतेम येतो. पटलाला भोकं पाडण्याचं खरं कारण मला हेच वाटतं: आपण नेमकं काय मोजतोय, याची खात्री हवी.

1972 मध्ये जेफ्री मिलर यांच्या पुस्तकातून रूढ झालेली कृती आजही वापरात आहे. पेशी सामू 7 च्या फॉस्फेट द्रावणात घ्यायच्या, त्यात क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आणि एसडीएस या साबणासारख्या पदार्थाच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकून जोरात हलवायचं. पटलातली चरबी विस्कटते. ओएनपीजीचा रेणू सुमारे 300 डाल्टनचा, तो आत शिरतो. विकर साडेचार लाख डाल्टनच्या वरचं, ते बहुतांशी आतच अडकून राहतं. मग 28 अंश सेल्सिअसला ओएनपीजी घालून घड्याळ लावायचं. पुरेसा पिवळा रंग आला की सोडियम कार्बोनेट ओतायचं. सामू एकदम चढतो, विकर थांबतं. मग 420 नॅनोमीटरला रंग मोजायचा.

यीस्टचं पटल वेगळं. त्यात अर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ असतो, आणि डिजिटोनिन नावाचं रसायन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. म्हैसूरच्या संशोधकांनी 1989 मध्ये हीच वाट क्लुइव्हरोमायसिससाठी वापरली.

किती वेळ आणि किती मात्रा, इथेच सगळं कसब आहे. वेगवेगळ्या वेळी नमुने काढून आलेख काढावा. क्रियाशीलता आधी चढते, मग सपाट होते, आणि फार ताणलं तर उतरते. सपाट भागाच्या सुरुवातीलाच थांबावं. त्याच नमुन्यातल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं पाणी तपासायचं. त्यात विकर सापडलं तर भोकं जरुरीपेक्षा मोठी झाली. ही तपासणी अनेकजण टाळतात, पण तिच्याशिवाय क्रियाशीलता पेशीतली की बाहेर सांडलेली, हे कळत नाही.

विकर आत राहिलं तरी एटीपी आणि एनएडी यांसारखे लहान रेणू बाहेर पाझरतात, त्यामुळे ग्लुकोज पचवण्याची पेशीची साखळी तुटते. बीटा-गॅलॅक्टोसिडेजला यातलं काहीच लागत नाही, ते काम करत राहतं. भोकं पाडलेल्या यीस्टकडून साखर तुटून तशीच शिल्लक मिळते ती यामुळे. अनेक पायऱ्यांची क्रिया अभ्यासायची असेल, तर मात्र हेच रेणू बाहेरून परत घालावे लागतात.

खाद्यपदार्थाचा विचार असेल तर क्लोरोफॉर्म आणि एसडीएस बाद. त्यांच्याऐवजी इथेनॉलने भोकं पाडून मग पेशी नीट धुता येतात. आणि तुटलेल्या साखरेचं दूध आटवताना ते लवकर तांबूस होतं, तेव्हा आच बेतानेच ठेवावी लागते.